हनुवटीवरचा हिरवा ठिपका

पुणे, ९ जुलै २०२५

ती. पुंडलिकआजोबांना,

पायांपाशी वाकून नमस्कार. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडले की घरमालकीण दार वाजवते, म्हणून पत्र. चुका लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवायच्या नाहीत. मागच्या वेळी पाठवल्या होत्या, आणि मीनाआजीने तो कागद सगळ्यांना दाखवला होता. तुमची चुलतबहीण असूनही तिला शेवटपर्यंत तुमचा मास्तर म्हणूनच धाक होता. ती गेल्यापासून तुम्हाला लिहिलंच नाही, त्याबद्दल हवं तेवढं रागवा.

मी इथे जुन्या फिल्म दुरुस्त करते. बुरशी काढायची, फाटलेलं जोडायचं, मग एकेक चित्र कॉम्प्युटरवर उतरवायचं. सोबत विनोदी मूकपटांवर एक लेख लिहून राहिले. बघा, तुम्हाला लिहायला बसलं की सौंसरची बोली आपोआप येते.

गेल्या महिन्यात एक गंजलेला डबा आला. आत एका छोट्या मूकपटाचं एकच रीळ होतं. कंपनीचं नाव इथे कुणीही ऐकलेलं नाही, पण डब्यावर लिहिलंय, 'मोहगाव, संत्र्याचा बगीचा'. गोष्ट म्हणाल तर काहीच नाही. नायक संत्री चोरतो, सगळे त्याच्यामागे धावतात आणि एकेक जण आपटतो. नायिका म्हणजे नऊवारीतला पुरुष, कारण अब्रूदार घरची बाई तेव्हा कॅमेऱ्यापुढे यायची नाही. नोकर म्हणजे तोंडाला काजळी फासलेला गोरा माणूस. एक जाडा आहे, एक ठेंगू आहे, एक तोतरासुद्धा आहे. मूकपटात तोतरा कसा, तर त्याच्या वाक्याची पाटी येते तेव्हा प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर तीनदा लिहिलेलं असतं. थोडक्यात, आरशात जसं दिसायला कुणाला आवडत नाही, तशी सगळी माणसं एका बागेत गोळा करून पाडली आहेत. माझा लेख त्यावरच आहे. श्रेयनामावलीत नायकाचं आणि नायिकेचं नाव आहे, बाकीच्यांना नुसतं 'जाडा', 'ठेंगू', 'काळी' म्हटलंय.

हे पत्र त्या 'काळी'साठी. सोंग न घेतलेली ती एकटीच आहे. तोडणीला आलेली खरी मजूर बाई असावी, आणि मार सगळ्यात जास्त तिलाच आहे. मीनाआजी एकदा म्हणाली होती, पुंडलिकदादाची आई बिनआवाजाच्या सिनेमात गेली होती, पण ते घरात बोलायचं नाही. आजोबा, हे खरं आहे का? त्या मोहगावला बागेत जायच्या का? विचारू नये ते विचारलं असेल तर पत्र फाडून टाका.

तुमची,
हिमानी


सौंसर, २० जुलै २०२५

चि. हिमानीस अनेक आशीर्वाद.

'कॉम्प्युटर'ला मराठीत शब्द होता. लाल शाई संपली आहे, म्हणून सोडतो.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवलो नाही. नातसुनेने, म्हणजे आमच्या अमितच्या ऋतुजाने, दोनदा ताट झाकलं आणि दोनदा उघडलं. होय, माझी आई देवकाबाई मोहगावच्या बागेत संत्रा तोडायला जात होती. चित्रवाले आले होते, तेही खरं. मला हे काकूने, म्हणजे तुझ्या मीनाआजीच्या आईने, मी मोठा झाल्यावर सांगितलं. मी तेव्हा तीन वर्षांचा होतो आणि आईसोबत बागेतच असायचो. चित्रवाल्यांनी एक दिवस तिला कामावर घेतलं, आणि संध्याकाळी चौघांनी तिला उचलून घरी आणलं. "गाडी उलार झाली न तुही माय पाठीवर पडली," काकू एवढंच म्हणायची. बैलगाडीच्या मागच्या अंगाला भार जास्त झाला की पुढचं जू वर उचललं जातं, त्याला उलार होणं म्हणतात. तू पुण्याची झालीस, म्हणून सांगावं लागतं.

त्यानंतर आई अंथरुणावरून उठली नाही. मी पाच वर्षांचा असताना ती गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं. ती मेली याचं घराला जेवढं दुःख झालं, त्यापेक्षा ती कॅमेऱ्यापुढे उभी राहिली याची लाज जास्त वाटली. तिचं नाव घ्यायचं बंद झालं. फोटो तर नव्हताच.

आता जे लिहितो ते मी माझ्या बायकोलाही सांगितलं नव्हतं. मला आईचा चेहरा आठवत नाही. फक्त तिचं गोंदण आठवतं. कपाळावर चंद्रकोर आणि हनुवटीवर हिरवा ठिपका. मी रडायला लागलो की ती माझ्याकडे पाहून स्वतःच्या हनुवटीवर बोट टेकवायची आणि म्हणायची, "इथं दाब, मंग माय हासते." मी ठिपका दाबायचो आणि ती हसायची. अंथरुणावर पडल्यावरही हसायची. त्या ठिपक्याभोवती चेहरा कसा होता, हे मी आयुष्यभर आठवून पाहिलं. वर्गात मुलांना कविता शिकवताना, तुझ्या आजीच्या लग्नात, कुठेही. ठिपका येतो, चेहरा येत नाही.

माझा डावा डोळा केव्हाच गेला. उजव्याचा पडदा सुकत चालला आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतची आशा दाखवली आहे, आणि डॉक्टर जेवढं सांगतात त्यापेक्षा थोडं कमीच मिळतं. म्हणून घाई कर. मला ती एकदा पाहायची आहे. मार खाताना दिसली तरी चालेल, पडताना दिसली तरी चालेल. एकदा पाहिली की मग डोळा गेला तरी माझी तक्रार नाही.

तुझा,
पुंडलिकआजोबा


पुणे, ५ ऑगस्ट २०२५

ती. आजोबा,

तुमचं पत्र मी ऑफिसात वाचलं आणि मग तोंड धुऊन यावं लागलं.

सोबत पेन ड्राइव्ह पाठवतेय. अमितदादाला सांगा, टीव्हीच्या मागे लावला की चित्र दिसेल. रिळाचा बहुतेक भाग त्यात आहे. अगदी शेवटचा तुकडा बुरशीने एकमेकाला चिकटून बसलाय, तो ओढला तर फाटेल, म्हणून तेवढा नाही.

पाहण्याआधी सांगते. त्या बाईला झाडूने मारतात, तिच्या डोक्यावर संत्री फेकतात, आणि मग जाडा गाडीच्या मागच्या टोकाला बसतो आणि गाडी उलार होते. ती गाडीत उभी असते. तुम्ही काकूंचं वाक्य लिहिलंत तेव्हाच मला हे दृश्य आठवलं होतं. पण आजोबा, अशी पडापड त्या काळच्या कितीतरी विनोदी चित्रपटांत असे, म्हणून मी काहीच ठामपणे म्हणत नाही. हे फक्त तुम्ही सांगू शकता.

एक विनंती आहे. आधी एकट्याने पाहा.

हिमानी


सौंसर, २७ ऑगस्ट २०२५

चि. हिमानी,

ती नाही.

आधी हे लिहून टाकलं, म्हणजे तुझा जीव टांगणीला राहणार नाही. आता सविस्तर लिहितो. एकट्याने पाहा म्हणालीस, पण टीव्ही अमितच्या ताब्यात आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे कराला, घर भरलेलं. शेजारचे नत्थूजीही काठी टेकत आले. मी स्टूल घेऊन अगदी काचेला नाक लावून बसलो. ती बाई पहिल्यांदा वळली तेव्हा माझ्या छातीत असं काही झालं की ऋतुजाने पाणी आणलं. मग अमितने चित्र थांबवलं आणि मोठं केलं. मी कपाळ पाहिलं, हनुवटी पाहिली. डाव्या बाजूने, उजव्या बाजूने पाहिली. कपाळावर कुंकवाचा काळा डाग, बाकी कपाळ कोरं. हनुवटी तर धुतल्यासारखी स्वच्छ.

गाडी उलार होते खरी. पण आमच्याकडे गाड्या सिनेमा नसतानाही उलार होत. गोंदण मात्र पुसलं जात नाही. मेल्यावर बाईसोबत तेवढंच जातं असं आमच्या बायका मानत, म्हणून तर सुईचा त्रास सोसून काढून घेत. ज्या बाईच्या हनुवटीवर ते नाही, ती माझी आई नाही.

वाईट वाटलं. खूप वाटलं. आणि मग, हिमानी, तुला खोटं वाटेल, पण मला हलकं वाटलं. माझ्या आईला कोणी झाडूने मारलं नव्हतं, तिच्या डोक्यावर संत्री फुटली नव्हती. ती दुसरी कोणीतरी होती. मी अमितला म्हटलं, आता पुन्हा लाव, नीट पाहू दे. आणि काय सांगू, ते पात्र ज्या तऱ्हेने उताणं होतं, दोन्ही पाय आभाळात, लुगड्याचा फुगा, त्यावर संत्र्यांची रास! मी इतका हसलो की नत्थूजी घाबरले. पोरांनी चार वेळा लावायला लावलं. 'काळी पडली' म्हणून अंगणात खेळच सुरू झाला आहे. ती कशी पडते हे त्यांना नीट जमेना, तेव्हा मीच खुर्चीवरून हात फेकून दाखवलं. अमितने ते मोबाइलवर घेऊन सगळ्या सोयऱ्यांना पाठवलं. बोरगावच्या व्याह्यांचा फोन आला, बुढा तर लय खूश दिसून राहिला म्हणे.

तेव्हा तुझ्या लेखात माझ्या आईला आणू नकोस. तिचा चेहरा आता मला मिळायचा नाही, हे मी मान्य केलं आहे. ठिपका आहे, तेवढा पुरे.

अक्षर वाकडं झालं असेल. ओळी एकमेकींवर चढतात.

पुंडलिकआजोबा


पुणे, २ डिसेंबर २०२५

ती. आजोबांना नमस्कार.

तीन महिने लिहिलं नाही. आधी कामात होते, आणि गेले पंधरा दिवस धीर होत नव्हता. दिवाळी होऊन गेली. डोळा कसा आहे, हे विचारायचीही भीती वाटते.

रिळाचा चिकटलेला तुकडा सुटला. अर्ध्या मिनिटाचासुद्धा नाही. गाडी उलार होऊन ती बाई पडते, त्यानंतरचा आहे. जाडा, ठेंगू, तोतरा, सगळे नायकाच्या मागे पळत चौकटीबाहेर जातात. तिनेही उठून पळायचं असणार, पण ती उठत नाही. कोपरावर जोर देऊन पाहते आणि पुन्हा खाली पडते. कॅमेरावाल्याने कॅमेरा बंद केलेला नाही, त्याला तोही विनोद वाटला असेल. मग ती मान वळवते. चौकटीबाहेर, अगदी जवळ, जमिनीलगत कुणीतरी आहे, तिकडे पाहते. तिच्या नजरेच्या उंचीवरून सांगते, ते लहान मूल आहे. आणि आजोबा, ती हात उचलते आणि स्वतःच्या हनुवटीवर बोट टेकवते. टेकवून ठेवते. तिथेच फिल्म संपते.

मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं. तुमचं जुलैचं पत्र काढून वाचलं. आणि मग एकच प्रश्न राहिला की ठिपका कुठे गेला.

त्याचं उत्तर माझ्याच लेखात होतं. मी लिहिलं होतं की त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग कळत नसे, त्यामुळे आपली गव्हाळ, तांबूस माणसं तिच्यात काळीठिक्कर दिसायची. त्याचीच दुसरी बाजू माझ्या ध्यानात आली नाही. त्या फिल्मला निळा-हिरवा रंग फिका दिसतो. शेजारच्या आजींच्या हातावर हिरवं गोंदण आहे. त्यांना हाता-पाया पडून बसवलं आणि तशाच जातीच्या फिल्मवर त्यांचा हात घेतला. फिल्म धुऊन पाहिली तर हात कोरा. नक्षी अंगाच्या रंगात विरून गेलेली. आजी म्हणाल्या, माझं गोंदण कुठं गं नेलंस?

म्हणजे तिला 'काळी' फिल्मने केलं आणि तिचं गोंदणही फिल्मनेच पुसलं. तुम्ही नीटच पाहिलंत. तुम्ही चुकला नाहीत. जे एकच तुमच्याजवळ होतं, नेमकं तेच तिथे उमटलं नाही.

तुम्ही त्या दिवशी हसलात हे मला माहीत आहे, म्हणूनच हे पत्र लिहायला हात धजत नव्हता. सांगू नये असं रोज वाटलं. पण तुम्ही आयुष्यभर जिला शोधलंत, तिच्याबद्दल 'ती नाही' हे तुमच्याजवळ राहू देणं मला जमलं नाही. शेवटचा तुकडा पाठवतेय. डोळा थोडा जरी काम करत असेल तर आजच पाहा.

मला क्षमा करा.

हिमानी


सौंसर, २१ डिसेंबर २०२५

चि. हिमानीस आशीर्वाद.

मी सांगतो आहे आणि ऋतुजा लिहिते आहे. अक्षर तिचं, चुकाही तिच्या. तुझं पत्र तिनेच वाचून दाखवलं. दिवाळीच्या आधीच माझा डोळा मिटला. खिडकी कुठे आहे एवढं कळतं.

तू क्षमा मागू नकोस. तू सांगितलं नसतंस तर मी हसतच मेलो असतो, आणि ते जास्त वाईट झालं असतं.

मला एकच गोष्ट खाते आहे. त्या दिवशी त्या बागेत सगळे हसत असतील. चित्रवाले, मालक, तोडणीच्या बाया, झाडावर चढलेली पोरं. तिथे न हसणारा मी एकटा होतो. मी रडत होतो, म्हणून तर तिने बोट टेकवलं. तिच्या बाजूचं त्या बागेत एकच माणूस होतं, आणि तेही नव्वद वर्षांनी स्टूल घेऊन हसणाऱ्यांत जाऊन बसलं. तिचं पडणं मी पोरांना हातवारे करून शिकवलं. अमितने सगळ्यांना फोन करून ते मोबाइलवरचं चित्र पुसायला सांगितलं. लोक हो म्हणाले. काल अंगणातून पुन्हा 'काळी पडली' ऐकू आलं. मी रागावलो नाही. कोणत्या तोंडाने रागावू?

आता लेखाचं. आईला आणू नकोस म्हणालो होतो, ते खोडून टाक. 'काळी' जिथे जिथे असेल तिथे तिचं नाव घाल, देवकाबाई. नुसतं तेवढंच. वडिलांचं नाव आणि आमचं आडनाव लावू नकोस, त्यांनी तिचं नाव घेतलं नाही. ती गव्हाळ होती हेही लिही. तुझ्या पत्रावरूनच मला ते कळलं, नाहीतर आईचा रंग कोणता हे मी कोणाला विचारणार होतो? गोंदण ती सोबत घेऊन गेली, त्यांच्या फिल्मवर ठेवलं नाही, याचं मात्र आता बरं वाटतं.

तुझा तुकडा पाहिला. पाहिला म्हणायचं. सिनेमा बिनआवाजाचा आणि पाहणारा बिनडोळ्यांचा. अमितला मी बाहेर पाठवलं. ऋतुजाने मला टीव्हीपुढे बसवलं आणि सांगत गेली. आता ते पळाले, आता ती एकटी आहे, आता मान वळवली. मला उजेड हललेला कळत होता. बोट टेकवलं म्हणाली तेव्हा मी हात पुढे केला. काच गार होती. मी विचारलं, "इथं?" ती म्हणाली, "जरासं खाली, आजोबा," आणि माझं बोट धरून तिने बरोबर जागेवर नेलं. मी दाबलं.

मग विचारलं, "हासली काय?"

ऋतुजा म्हणाली, "हासली, आजोबा. लय हासली."

एवढं मिळालं. चेहरा नाही मिळाला, पण हे मिळालं. आता थकलो आहे, इथेच थांबतो. थंडी फार आहे, तूही जपून राहा.

तुझा,
पुंडलिकआजोबा

हिमानीताई, हे मी ऋतुजा माझ्या मनानं खाली लिहून राहिली, आजोबा झोपले आहेत. तुमच्या पत्रातली 'तिथेच फिल्म संपते' ही ओळ मी त्यांना वाचून दाखवली नाही. वाचता वाचता त्यांच्याकडे पाहिलं आणि ती ओळ तोंडातून निघालीच नाही. आजोबांनी विचारलं तेव्हा टीव्हीवर काहीच नव्हतं, पडदा काळा झाला होता. त्यांचं बोट अजून काचेवरच होतं. रोज दुपारी ते मला टीव्ही लावायला सांगतात, तिथंच बोट ठेवतात आणि तेच विचारतात, आणि मी रोज तेच सांगते. तुम्ही पत्र लिहाल तर मला खोटं पाडू नका.